आधी आवाज, मग चेहरा: एआय अवतारांचा व्हिडिओ पॉडकास्ट कसा करायचा

अवतार, म्हणजे एआयने बनवलेलं बोलणारं पात्र, वापरून केलेला व्हिडिओ पॉडकास्ट बहुतेक वेळा ऐकणाऱ्या चेहऱ्यापाशी फसतो. बोलणाऱ्या चेहऱ्याकडे आपण सगळेच लक्ष देतो. ओठ जुळतात का, दात नीट दिसतात का, पापण्या लवतात का, हे पुन्हा पुन्हा तपासतो. पण दोघांच्या गप्पांमध्ये एक जण बोलत असतो तेव्हा दुसरा ऐकत असतो, आणि बघणाऱ्याची नजर सारखी त्या दुसऱ्याकडे जाते.

मी केलेला पहिला दोघांचा भाग १८ मिनिटांचा होता. ओठ छान जुळले होते. बहिणीला दाखवला तर तिने चौथ्या मिनिटाला थांबवून विचारलं, "ती एवढं सांगतेय आणि हा असा ठोकळ्यासारखा का बसलाय? त्याला ऐकू येत नाही का?" मग मी पुन्हा नीट पाहिलं. तो ठरावीक वेळाने पापण्या लववत होता, उजवा हात तेवढाच उचलून त्याच जागी ठेवत होता. तिच्या बोलण्याशी त्याचं काही देणंघेणंच नव्हतं. तो भाग मी टाकून दिला आणि कामाचा क्रम बदलला. आता आवाजाचं काम पुरतं झाल्याशिवाय मी चेहऱ्याला हात लावत नाही, आणि बोलणाऱ्या चेहऱ्याइतकाच वेळ ऐकणाऱ्या चेहऱ्याला देतो. पुढची सगळी मांडणी त्याच क्रमाने आहे.

## अवतार कशासाठी हवाय?

ज्यांना विषय उत्तम माहीत आहे पण कॅमेऱ्यासमोर बसायचं नाही, त्यांच्यासाठी हे साधन खरोखर चांगलं आहे. एकच भाग दोन-तीन भाषांत करायचा असेल, दर आठवड्याला चित्रीकरणाची जुळवाजुळव जमत नसेल, किंवा आधीच चालू असलेल्या ऑडिओ पॉडकास्टला चित्र द्यायचं असेल, तरीही उपयोग होतो.

मुलाखतीसाठी मात्र मी अवतार वापरत नाही. समोरचा माणूस खरा आहे आणि बोलायला तयार आहे, तर त्याला साध्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसवा. उत्तर देण्याआधी तो जो क्षणभर थांबतो, त्यातच मुलाखतीचा जीव असतो आणि तो कुठल्याही साधनातून मिळत नाही.

## अवतारांचे प्रकार

पहिला प्रकार तयार अवतारांचा. हेजेन, सिंथेसिया यांसारख्या सेवांकडे खऱ्या कलाकारांचं चित्रीकरण करून बनवलेले अवतार असतात. निवडा, आवाज द्या, व्हिडिओ मिळतो. सुरुवातीला हेच बरं. अडचण एवढीच की तोच चेहरा इतर शेकडो व्हिडिओंतही दिसतो.

दुसरा प्रकार स्वतःच्या जुळ्याचा. तुमचं काही मिनिटांचं चित्रीकरण देऊन तुमच्यासारखा दिसणारा अवतार तयार होतो. जबाबदार सेवा यासाठी त्या माणसाची संमती कॅमेऱ्यासमोर बोलून घेतात. ती पायरी कटकटीची वाटली तरी तीच तुमचं रक्षण करते, कारण तिच्यामुळे दुसरं कुणी तुमचा व्हिडिओ उचलून तुमचा अवतार सहजासहजी बनवू शकत नाही.

तिसरा प्रकार एका फोटोला बोलतं करण्याचा. डी-आयडी, हेड्रा अशी साधनं हे करतात. छायाचित्र चालतं, तसंच हाताने काढलेलं पात्रही चालतं. ज्यांना स्वतःच्या संगणकावर काम करायचंय त्यांच्यासाठी वाव्हटूलिप, सॅडटॉकर, म्यूझटॉक, लाइव्हपोर्ट्रेट हे खुले प्रकल्प आहेत, पण त्यांना चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. वाव्हटूलिप २०२० सालचं आहे आणि ते चेहऱ्याच्या अवघ्या ९६ बाय ९६ पिक्सेलच्या चित्रावर काम करतं. म्हणून मोठ्या चौकटीत ओठांभोवती धुरकट डाग दिसतो. शिवाय प्रत्येक प्रकल्पाचा परवाना वेगळा असतो. व्यावसायिक वापर चालतो का, हे आधी वाचून घ्या.

माझं मत विचाराल तर पहिल्या मालिकेसाठी रेखाटलेली पात्रं घ्या. जपानी रोबोटशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली एक निरीक्षण मांडलं होतं. कृत्रिम आकृती माणसासारखी दिसत गेली की ती आवडत जाते, पण अगदी माणसाच्या जवळ पोचली आणि थोडंसंच काही चुकलं, की एकदम नकोशी वाटते. हालचालीमुळे हा परिणाम आणखी वाढतो, असंही त्यांचं म्हणणं होतं. रेखाटलेल्या पात्राकडून कुणी माणसाच्या बारकाव्यांची अपेक्षा करत नाही, त्यामुळे त्याची चूक सहज खपून जाते. खऱ्यासारख्या चेहऱ्याची तीच चूक खपत नाही.

## पायरी १: संहिता बोलण्यासाठी लिहा

लेख वाचून दाखवला की पॉडकास्ट होत नाही. एआयकडून मसुदा घेतलात तरी तो एकदा मोठ्याने म्हणून पाहा. जिथे धाप लागते तिथे वाक्य मोडा. "त्याचप्रमाणे हेही लक्षात घेणे आवश्यक आहे की" असं कुणी कुणाशी बोलत नाही. "आणि एक सांगू?" असं बोलतात. मराठी संवादाचा माझा हिशेब मिनिटाला १२० ते १३० शब्दांचा आहे, म्हणजे दहा मिनिटांच्या भागाला साधारण १२५० शब्द पुरतात.

दोन पात्रं असतील तर दोघांचं बोलणं वेगळं हवं. नावं झाकून संहिता वाचा. कोण बोलतंय हे कळलं नाही, तर ती दोन पात्रं नाहीतच, एकच मजकूर दोन तोंडांत वाटून दिलेला आहे. मी एकाला लांब वाक्यं देतो आणि दुसऱ्याला मध्येच अडवायची सवय. अडवणाऱ्याने श्रोत्याच्या मनातला प्रश्न विचारायचा असतो. "किती छान सांगितलंत" एवढंच म्हणणारं पात्र संहितेतून काढून टाका.

आणि हुंकार लिहा. गोष्ट सांगताना समोरच्याने हुंकार द्यायचा, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. हुंकार थांबला की सांगणारा विचारतो, "झोपलास का रे?" संहितेत "हं", "अच्छा?", "बापरे", "थांब थांब" हे नेमक्या जागी लिहून ठेवलं, तर पुढे ऐकणाऱ्या चेहऱ्याला काय करायचं ते आपोआप ठरतं. दोघांच्या भागात मिनिटाला दोन-तीन हुंकार पुरतात. जास्त झाले तर नाटकी वाटतं.

गूगलच्या नोटबुकएलएममध्ये सप्टेंबर २०२४ पासून आपण दिलेल्या कागदपत्रांवर दोन निवेदकांच्या गप्पा तयार करून मिळतात, आणि बरेच जण त्याच आवाजाला चेहरे लावतात. तसं करणार असाल तर दोन गोष्टी कराव्याच लागतील. त्या गप्पांमधलं प्रत्येक विधान मूळ कागदाशी ताडून पाहा, कारण निवेदक आत्मविश्वासाने चुकीचंही बोलून जातात. आणि ती फाइल एकच असते, दोघांचे आवाज एकत्र. चेहरे लावण्याआधी ते वेगळे करावे लागतात. ते कसं, ते तिसऱ्या पायरीत सांगतो.

## पायरी २: आवाज

सगळ्यात उत्तम आवाज तुमचा स्वतःचा. अवतार बहुतेक सगळीकडे तयार ऑडिओ फाइलवर चालतो. मजकूर टाइप करून मशिनकडूनच बोलवून घ्यावं असं बंधन नसतं. चेहरा दाखवायचा नसेल तर हरकत नाही, पण आवाज द्यायला काय हरकत आहे? छोट्या खोलीत, पडदे-गाद्या असलेल्या जागी, माइकपासून वीतभर अंतरावर बसून बोललात तरी मशिनच्या आवाजापेक्षा ते जिवंत वाटेल.

मशिनचाच आवाज वापरायचा असेल तर मराठीसाठी पर्याय आहेत. मायक्रोसॉफ्टच्या अझुर सेवेत आरोही आणि मनोहर हे दोन मराठी आवाज आहेत, गूगलच्या क्लाउड सेवेतही मराठी आवाज आहेत, आणि इलेव्हनलॅब्ससारख्या सेवा आवाजाची नक्कल करून देतात. पण कुठलाही आवाज निवडण्याआधी त्याची मराठी कानाने परीक्षा घ्या, कारण मशिन कुठे अडखळतं ते ठरलेलं आहे.

पहिली जागा च आणि ज. आपण "चार" म्हणतो तेव्हा च तालव्य असतो आणि "चारा" म्हणतो तेव्हा दंततालव्य. "माझा"मधला झ वेगळा, "माझी"मधला वेगळा. लिपीत दोन्हींना एकच अक्षर आहे, त्यामुळे हिंदीच्या वळणाचा आवाज सगळीकडे तालव्यच उच्चारतो. पहिल्याच वाक्यात "माझा" चुकला की ऐकणारा मराठी माणूस ओळखतो. दुसरी जागा ज्ञ. आपण "द्न्यान" म्हणतो, मशिन "ग्यान" म्हणून बसतं. तिसरी ळ, जिचा पुष्कळदा ल होतो. चौथी जागा आकडे आणि सालं. १९७० हे "एकोणीसशे सत्तर" असं म्हणायचंय, पण मशिन "एक हजार नऊशे सत्तर" म्हणेल, नाहीतर इंग्रजीत म्हणेल.

यावर उपाय म्हणजे संहितेची वेगळी उच्चारप्रत. मूळ संहिता जशीच्या तशी ठेवा, कारण सबटायटल तिच्यावरून करायची आहेत. मशिनसाठी दुसरी प्रत करा. तिच्यात सालं अक्षरांत लिहा, "ज्ञान"च्या जागी "द्न्यान" लिहा, "डॉ." न लिहिता "डॉक्टर" लिहा. दंततालव्य उच्चारासाठी काही आवाजांना नुक्ता दिलेला "ज़" समजतो, काहींना नाही. करून पाहा. तरीही एखादा शब्द जमत नसेल तर शब्दच बदला. "जरा"च्या जागी "थोडं" चालतं. हट्टाला पेटून एकाच शब्दावर तास घालवण्यात अर्थ नाही.

परिच्छेद मोठे देऊ नका. एकेक संवाद वेगळा तयार करा आणि प्रत्येकाचे दोन-तीन नमुने घेऊन चांगला निवडा. मशिनच्या आवाजात प्रश्नाचा सूर बऱ्याचदा सपाट येतो. दोन-तीनदा फिरवला की एखाद्या वेळी बरोबर चढतो.

## पायरी ३: दोन ट्रॅक, एकाच लांबीचे

सगळ्या कामात ही पायरी मला सर्वात महत्त्वाची वाटते, म्हणून सावकाश सांगतो.

ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन ट्रॅक उघडा. वरच्यावर पहिल्या पात्राचे सगळे संवाद, खालच्यावर दुसऱ्याचे, जसे एकामागोमाग येतात तसे लावा. पहिला बोलत असेल तेव्हा दुसऱ्याच्या ट्रॅकवर शांतता हवी. संवादांमधलं अंतर हाताने लावा. गप्पांमध्ये माणसं एकमेकांचं वाक्य संपायची वाट बघत नाहीत. कुठे पाव सेकंद थांबा, कुठे एकाचा शेवटचा शब्द आणि दुसऱ्याचा पहिला शब्द एकमेकांवर येऊ द्या. अवघड प्रश्नानंतर पूर्ण एक सेकंद जाऊ द्या. हुंकार मात्र नेहमी दुसऱ्याच्या बोलण्यावरच पडला पाहिजे. बोलणं संपल्यावर आलेला "हं" शाळेतल्या हजेरीसारखा वाटतो.

एकाच फाइलमध्ये दोन्ही आवाज असतील तर त्या फाइलच्या दोन प्रती दोन ट्रॅकवर ठेवा. वरच्या प्रतीत दुसऱ्याचं बोलणं निवडून तिथे शांतता भरा, खालच्या प्रतीत पहिल्याचं. दहा मिनिटांच्या फाइलला मला साधारण अर्धा तास लागतो. दोघं एकदम बोलतात त्या जागा अशा वेगळ्या होत नाहीत. तिथे नंतर दोघांचेही ओठ दिसणार नाहीत असं चित्र लावायचं, म्हणून त्या वेळा कागदावर टिपून ठेवा.

शांतता म्हणजे खरोखरची शांतता. पंख्याची घरघर, श्वास, खुर्चीची कुरकुर शांततेत राहिली, तर बरीच साधनं तिला बोलणं समजतात आणि पात्राचे ओठ उगाच थरथरतात. ऐकणारा पुटपुटतोय असं दिसतं. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) लावा, किंवा त्या जागा निवडून सरळ शून्य करा.

शेवटी आवाजाची पातळी. ॲपल पॉडकास्टची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या (ऐकणाऱ्याला आवाज एकूण किती मोठा वाटतो, त्याचं माप) आसपासची आहे आणि शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, उणे १ डेसिबलच्या वर नको. यूट्यूब साधारण उणे १४ पेक्षा मोठा आवाज स्वतःच खाली आणतं. मी दोन्हींसाठी उणे १६ ठेवतो. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन नावाची सोय आहे. ती दोन्ही पात्रांवर वेगवेगळी लावू नका. कानाने साधलेला दोघांचा तोल त्याने बिघडू शकतो. आधी कानाने दोघांना सारखं करा, मग एकत्र मिश्रणावर पातळी लावा. ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फायली काढा: दोन सुट्या आणि एक एकत्र. तिन्ही शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या आणि एकाच लांबीच्या हव्यात.

आता डोळे मिटून एकत्र फाइल पूर्ण ऐका. कंटाळा आला तर चेहरा लावल्याने तो जाणार नाही. दुरुस्ती इथेच करा, कारण अवताराच्या सेवा मिनिटांवर मोजणी करतात आणि प्रत्येक फेरबदल नव्याने मोजला जातो.

## पायरी ४: चेहरे

स्वतःचा जुळा बनवत असाल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, प्रकाश समोरून आणि जरा एका बाजूने घ्या. बारीक पट्ट्यांचे कपडे टाळा, त्या पट्ट्या पडद्यावर लहरतात. सुरुवातीचे काही सेकंद तोंड मिटून शांत बसा. त्या तुकड्याचा पुढे फार उपयोग होतो. बोलताना हात छातीच्या खाली ठेवा. चेहऱ्यासमोरून हात गेला की ओठांचं काम बिघडतं. मोठे हातवारेही नकोत. चित्रीकरण फिरून फिरून वापरलं जातं, त्यामुळे एखादा ठसठशीत हातवारा दर थोड्या वेळाने परत येतो आणि लक्षात राहतो. माझ्या त्या पहिल्या भागातला उजवा हात असाच होता.

दोन पात्रं असतील तर नजरेची दिशा सांभाळा. डावीकडे बसलेल्याने थोडं उजवीकडे बघायला हवं आणि उजवीकडच्याने डावीकडे. दोघंही सरळ कॅमेऱ्यात बघत असतील तर ते एकमेकांशी बोलत नाहीत, आपल्याला बातम्या सांगताहेत असं वाटतं. पात्राच्या मागची जागाही जुळायला हवी. एकावर उजेड डावीकडून आणि दुसऱ्यावर उजवीकडून असेल, तर ते एका खोलीत बसलेत यावर कुणाचा विश्वास बसत नाही. साध्या रंगाची पार्श्वभूमी घेऊन दोघांना एकाच चित्रासमोर बसवणं सगळ्यात सोपं पडतं.

पूर्ण भाग द्यायच्या आधी वीस-तीस सेकंदांची चाचणी घ्या, आणि ती अवघड वाक्याची घ्या. माझं वाक्य आहे: "बाबांनी भांडंभर पाणी भरून माझ्यापुढे ठेवलं." प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटलेच पाहिजेत. आवाज बंद करून अर्ध्या वेगाने पाहा आणि प्रत्येक ब-भ-प-म ला ओठ मिटतात का ते मोजा. या वाक्यात एखादा निसटला तर चालून जाईल, पण निम्मे निसटले तर ते साधन मराठीला चालणारं नाही. मग हनुवटी आणि मान जिथे मिळतात ती कड, दात आणि केसांच्या कडा पाहा.

ओठांवर इतका भर का, तर ते कानालाही फसवतात. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ साली दाखवून दिलं की आवाज "बा"चा असेल आणि ओठ "गा" म्हणणारे दिसत असतील, तर माणसाला बहुधा "दा" ऐकू येतं. म्हणजे ओठ चुकले तर तुमचा स्वच्छ उच्चारसुद्धा चुकीचा ऐकू जातो. श्रोता म्हणेल, "बोलणं नीट कळत नाही", आणि तुम्ही आवाजात दोष शोधत बसाल.

## पायरी ५: ऐकणारा चेहरा

इथे दोन रस्ते आहेत. सरळ रस्ता म्हणजे शांततेसकट पूर्ण ट्रॅक अवताराला देणं. मग तो बोलायच्या वेळी बोलतो आणि बाकी वेळ नुसता बसतो. चित्र आवाजाशी आपोआप जुळलेलं राहतं, पण ऐकण्याची मिनिटंही मोजली जातात आणि बसणं निर्जीव वाटतं.

मी दुसरा रस्ता घेतो. बोलण्याचे तुकडे वेगळे करून घेतो आणि ऐकण्यासाठी प्रत्येक पात्राच्या सहा-सात छोट्या चित्रफिती तयार करून ठेवतो. नुसतं बघणं, हळू मान हलवणं, भुवया उंचावणं, ओठ मिटून हसणं, खाली बघून विचार करणं, मान किंचित कलती करणं. प्रत्येक आठ ते दहा सेकंदांची. एकदा केल्या की पूर्ण मालिकेला पुरतात.

त्या करायला लाइव्हपोर्ट्रेटचा उपयोग होतो. आपण वेबकॅमसमोर अभिनय करायचा, आणि आपल्या चेहऱ्याचे भाव आणि मानेची हालचाल पात्राच्या चित्रावर उतरते. मी हेडफोनमध्ये पहिल्याचा आवाज लावतो आणि खरोखर ऐकत बसतो, दुसरं काही करत नाही. मान कुठे हलली, भुवई कुठे चढली, हे त्या बोलण्यातूनच येतं. ठरवून मान हलवली तर ती लगेच यांत्रिक दिसते.

एक बारीक गोष्ट. "हं" म्हणताना माणसाचे ओठ मिटलेले किंवा जेमतेम उघडे असतात, पण ओठ जुळवणारी साधनं तिथे बऱ्याचदा तोंड मोठं उघडतात. म्हणून हुंकाराला ओठ जुळवायला देऊच नका. मान हलवण्याची चित्रफीत लावा आणि "हं" आवाज तसाच जाऊ द्या. फरक लगेच दिसतो.

## पायरी ६: जुळवणी

डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या प्रोग्रॅमच्या मोफत आवृत्तीत हे सगळं होतं. सगळ्यात खाली एकत्र आवाजाची फाइल ठेवा आणि ती हलू नये म्हणून कुलूप लावा. अवताराच्या चित्रफितींसोबत आलेला आवाज फक्त जुळवण्यापुरता वापरा. लहरींचे उंचवटे एकमेकांखाली आणा आणि मग तो बंद करा.

जुळवताना चूक कोणत्या बाजूला झालेली चालते, ते माहीत असू द्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लोकांच्या लक्षात येतं, पण मागून आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. लांबच्या माणसाचा आवाज नेहमी दिसण्याच्या मागून पोचतो, त्याची आपल्याला सवय असते. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणून शंका असेल तर चित्र एक फ्रेम आधी सरकवा.

चौकटी (शॉट) तीन ठेवा: पहिला एकटा, दुसरा एकटा आणि दोघं मिळून. बोलणारा बदलला की लगेच चित्र बदलायचं, हा नवशिक्यांचा नियम सोडून द्या. पहिल्याचं वाक्य चालू असतानाच ऐकणाऱ्यावर जा, त्याच्या चेहऱ्यावर दोन-तीन सेकंद राहा, आणि मग त्याला बोलू द्या. किंवा दुसऱ्याने बोलायला सुरुवात केल्यावरही क्षणभर पहिल्यावरच राहा. याचा एक मोठा फायदा असा की जिथे ओठ बिघडलेत तिथे ऐकणाऱ्याचा चेहरा लावता येतो आणि पुन्हा काही तयार करावं लागत नाही.

एकाच चौकटीत वीस सेकंदांपेक्षा जास्त राहू नका. अवताराचा तोचतोचपणा साधारण तिथेच जाणवायला लागतो. नकाशा, आकृती, कागद, वस्तू यांची चित्रं मध्ये घ्या, पण ज्याबद्दल बोलणं चाललंय तेच दाखवा.

सबटायटल मूळ संहितेवरून करा, उच्चारप्रतीवरून नाही, नाहीतर पडद्यावर "द्न्यान" उमटेल. देवनागरीत आणखी एक खोड येते. काही प्रोग्रॅममध्ये पहिली वेलांटी भलत्याच ठिकाणी जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. प्रीमिअर प्रोच्या सेटिंगमध्ये मजकुरासाठी दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडावा लागतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे टंक नीट चालतात. "विश्वास", "शक्ती", "र्‍हास" हे तीन शब्द टाइप करून पाहा. तिन्ही बरोबर उमटले तर पुढे जा.

## सांगायचं ते सांगा

पात्रं एआयची आहेत हे भागाच्या सुरुवातीला पात्राच्याच तोंडून सांगा आणि वर्णनातही लिहा. यूट्यूबने मार्च २०२४ मध्ये खऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम किंवा बदललेल्या व्हिडिओसाठी जाहीर करण्याची सोय आणली. व्हिडिओ चढवतानाच तो पर्याय विचारला जातो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यातही डीपफेक जाहीर करण्याचं बंधन आहे. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने घाऊक पद्धतीने काढलेल्या, एकसारख्या व्हिडिओंना उत्पन्न न देण्याचा आपला नियम आणखी स्पष्ट केला. अवतार वापरला म्हणून अडचण येत नाही. तोच साचा घेऊन मजकूर बदलत रोज दहा व्हिडिओ टाकले, की येते.

नियम बाजूला ठेवले तरी मला हे मनापासून वाटतं की दुसऱ्याचा चेहरा आणि आवाज लेखी संमतीशिवाय वापरू नये. ओळखीचा असला तरी नाही, प्रसिद्ध असला तरी नाही. आणि संमती घेताना काय वापरणार, कुठे वापरणार आणि कधीपर्यंत, हे तिन्ही लिहून घ्या. निधन झालेल्या माणसाला पॉडकास्टमध्ये "बोलावणं" मला तर अजिबात पटत नाही. त्याने न उच्चारलेली वाक्यं त्याच्या तोंडी जातात आणि ती दुरुस्त करायला तो हजर नसतो.

## चढवण्याआधी

ऑडिओची वेगळी आवृत्ती काढा, कारण पुष्कळ लोक फक्त ऐकतात. संहितेत "हे बघा इथे" असं काही राहिलं असेल तर ऑडिओसाठी ती ओळ बदला. यूट्यूबवर प्रकरणं (चॅप्टर) द्यायची असतील तर वर्णनातली पहिली वेळ ०:०० हवी, वेळांच्या किमान तीन नोंदी हव्यात आणि प्रत्येक प्रकरण निदान १० सेकंदांचं हवं.

मग तो भाग फोनवर पाहा. एकदा आवाज बंद करून, एकदा पडदा उलटा ठेवून. आवाज बंद असताना दोघं गप्पा मारताहेत असं वाटलं पाहिजे, आणि पडदा उलटा असताना काही निसटतंय असं वाटता कामा नये. तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, आणि तो पाहत असताना पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघा. त्याने फोन उचलला, मान वळवली, तर ती वेळ टिपून ठेवा. माझ्या अनुभवात अशा जागी बहुतेक वेळा एकच चौकट फार वेळ राहिलेली असते.

दोन सुट्या आवाजांच्या फायली, मूळ संहिता आणि ऐकण्याच्या चित्रफिती तारीख घालून जपून ठेवा. ओठ जुळवणारी साधनं झपाट्याने सुधारताहेत. हाच भाग पुढे चांगल्या चेहऱ्याने करावासा वाटला, तर तुम्हाला फक्त चौथ्या पायरीपासून सुरुवात करावी लागेल.